कथा अडली की टॅरोचा पत्ता ओढायचा? (टॅरो, पंचमहाभूतं आणि आपलं लेखन)

रानजाई

नमस्कार मंडळी,

आधीच सांगते, मला भविष्य बघण्यात रस नाही. हा धागा लिहिण्याबद्दल आहे.

गेली चार वर्षं मी एका कथेवर अडून बसले आहे. माझी आजी कोयनेच्या खोऱ्यातली. साठच्या दशकात धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा गाव सोडून ही माणसं तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, येऊन वसली. मी ही गोष्ट सात-आठ वेळा लिहायला घेतली आणि दर वेळी तेच, आजी दारात उभी, डोळ्यांत पाणी, मागे वळून बघतेय. वाचलं की मलाच कसंतरी व्हायचं, कारण हे सगळं मी कुठे ना कुठे वाचलेलंच होतं.

दिवाळीत भाचीने तिचा टॅरोचा, म्हणजे भविष्य सांगायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांचा, कॅट इथे ठेवला होता. एका रात्री सहज पिसला आणि एक पत्ता ओढला. सहा तलवारींचा निघाला. होडी आहे, होडीत एक बाई पाठमोरी, डोक्यावरून पांघरूण ओढून घेतलेलं, शेजारी तिला चिकटून मूल, मागे नावाडी उभा राहून बांबू रेटतोय. आणि होडीत पुढे सहा तलवारी टोकं खाली करून रोवलेल्या. एका बाजूचं पाणी खळबळलेलं, दुसऱ्या बाजूचं सपाट. मी कितीतरी वेळ बघत बसले. माझ्या लक्षात काय आलं, तर तिघांपैकी कुणाचाच चेहरा आपल्याला दिसत नाही! आणि मी चार वर्षं आजीचा चेहराच लिहीत होते, डोळे, अश्रू, सुरकुत्या. त्या रात्री मी नावाड्याच्या बाजूने लिहायला बसले, त्याला फक्त पाठी दिसतायत. अडीच पानं झाली, एका बैठकीत.

तर विचारायचंय, तुमच्यापैकी कुणी असं करतं का? आणि दुसरं, जे मला खरंच सतावतंय, पत्ता ओढून सुचलेली गोष्ट आपली म्हणायची का? टॅरोत चार तत्त्वं असतात, अग्नी, पाणी, वारा, पृथ्वी, त्यांचाही लिहिताना काही उपयोग होतो का तेही सांगा.

मृणाल_द

अगं किती छान लिहिलंयस! चेहरा न दाखवण्याचं वाचून काटा आला. मी करते असं, पण टॅरोने नाही, जुन्या फोटोंनी. चोरबाजारातून अनोळखी लोकांचे लग्नाचे फोटो आणलेत. सविस्तर नंतर लिहिते, कुकर लावलाय.

वसंतकाका

रानजाई, तुमची कथा नक्की पूर्ण करा, विषय मोलाचा आहे. पण मला एक कळकळीने सांगायचंय. पत्त्यांचा हा प्रकार आता घराघरात शिरलाय, ऑनलाइन तर विचारू नका. शिकलेली मुलं नोकरी बदलावी की नाही हे पत्त्याला विचारतात. आपण साहित्याच्या निमित्ताने का होईना त्याला प्रतिष्ठा देतोय असं होऊ नये. चित्रच बघायचं तर एखादं चांगलं चित्र बघा की, पत्ताच कशाला?

सायली_के

वसंतकाकांशी सहमत आहे आणि नाहीही. आधी सहमत का ते सांगते.

माझ्या मावसबहिणीचे वडील दवाखान्यात होते तेव्हा ती एका टॅरोवाल्या बाईंकडे गेली. दोन हजार रुपये घेतले, 'डेथ'चा पत्ता निघाला आणि त्या बाईंनी असा चेहरा केला म्हणे की हिच्या पायातलं बळच गेलं. मग उपाय म्हणून आणखी पैसे. तिचे वडील बरे होऊन घरी आले, आजही ठणठणीत आहेत, पण ते पंधरा दिवस माझी बहीण जेवली नाही नीट. मला त्या गोष्टीचा अजून संताप येतो. आजारी माणसाच्या घरच्यांना कोण असं घाबरवतं?

आता नाही का ते. मी रागारागात तो पत्ता शोधून काढला, बघू तरी काय आहे म्हणून. चिलखत घातलेला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर, हातात काळा झेंडा, त्यावर पांढरं फूल. राजा खाली पडलाय, मुकुट बाजूला. धर्मगुरू हात जोडून उभा, एका तरुणीने मान फिरवलीय. आणि एक लहान मूल गुडघ्यावर बसून घोड्याकडे सरळ बघतंय! मागे दोन बुरुजांमध्ये सूर्य. इतक्या माणसांत फक्त पोराला भीती नाही. मी त्या मुलावर कविता लिहिली. त्या बाईंनी माझ्या बहिणीला हे पोर दाखवलंच नाही.

बिनधास्त_बंडू

मी आत्ताच नेटवर दहा काठ्यांचा पत्ता बघितला. वाकून मोळी छातीशी धरून गावाकडे चाललेला माणूस. हा शंभर टक्के आमचा मामा आहे, उसाची मोळी घेऊन सातारा स्टँडवर एसटीमागे पळताना. कंडक्टर दिसत नाहीये चित्रात, तो बेल मारून बसलाय.

जुनी_पानी

चांगला विषय. थोडा इतिहास घालतो, कारण वसंतकाकांची शंका त्याने निम्मी तरी सुटेल.

टॅरो मुळात खेळायचा कॅट. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलान-फेराराच्या दरबारांत, हा खेळ चालायचा. भविष्य वगैरे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. ते चिकटलं अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये, १७८१ साली कूर द जेबलँ नावाच्या माणसाने लिहिलं की हे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान आहे. पुरावा काही नाही, पण कल्पना लोकांना आवडली. म्हणजे साडेतीनशे वर्षं जे पत्ते लोक डाव मांडून खेळले, ते नंतर भविष्य सांगायला लागले. आपण गोष्टींसाठी वापरले तर काहीही भ्रष्ट होत नाही.

आणि रानजाई, तुमच्या हातात आलेल्या त्या सहा तलवारींच्या पत्त्याचं चित्र १९०९ सालचं आहे, लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅटमधलं. आर्थर वेट याने योजना केली, चित्रं काढली पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी. त्याआधीच्या बहुतेक कॅटांत सहा तलवारी म्हणजे नुसत्या सहा तलवारी मांडलेल्या, आपल्या बदाम सत्तीवर सात बदाम असतात तशा. स्मिथबाईंनी जवळजवळ प्रत्येक पत्त्यावर प्रसंग काढला, माणसं काढली. नाटकाच्या नेपथ्याशी, वेशभूषेशी त्यांचा संबंध होता, लहानपणी जमैकात राहिल्या होत्या, तिथल्या लोककथांचं पुस्तक काढलं होतं. त्यामुळे हे पत्ते रंगमंचासारखे दिसतात. म्हणूनच ते गोष्ट सांगणाऱ्याला चालतात. तुम्ही इटलीतला जुना कॅट घेतला असता तर ती होडी मिळालीच नसती.

लीड्सकर

जुनी_पानी, अगदी! पामेलाबाईंचं नाव किती वर्षं कॅटवर सुद्धा नव्हतं, वेट आणि प्रकाशक रायडर यांच्याच नावाने ओळखला जायचा. तिने १९०९ साली एका पत्रात लिहिलंय की मोठं काम उरकलं, पैसे मात्र अगदी थोडे. १९५१ साली कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावात ती गेली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. आज जगात कुठेही टॅरो म्हटलं की तिचीच चित्रं डोळ्यांपुढे येतात. प्रत्येक पत्त्याच्या कोपऱ्यात तिची वेलांटीसारखी सही आहे, भिंग घेऊन बघा, गवतात, दगडात लपलेली असते. मी आता कुठलाही पत्ता घेतला की आधी सही शोधतो.

वसंतकाका

जुनी_पानी, ही माहिती मला नव्हती, धन्यवाद. खेळाचे पत्ते होते हे ऐकून बरं वाटलं. तरी माझा प्रश्न उभा आहे, चित्र आपण निवडलं तर काय बिघडतं?

मृणाल_द

आले परत. वसंतकाका, मी सांगू? निवडायला लागलं की आपण आपल्या ओळखीचंच निवडतो. मी फोटोंचं तेच करायचे, चाळून चाळून 'हा छान आहे' म्हणून काढायचे आणि दर वेळी खिन्न चेहऱ्याची नवरी. सगळ्या कविता एकसारख्या. मग डोळे मिटून काढायला लागले तर एकदा आचाऱ्याचा फोटो आला, घामाघूम, हातात झारा. त्याच्यावर मी स्वतःहून जन्मात लिहिलं नसतं.

देवगडचा_हापूस

आमच्या कोकणात कौल लावतत ना, त्याची आठवण झाली. देवाच्या पाषाणाक पाण्याने कळे नायतर पाकळ्यो चिकटवायच्यो आणि गाऱ्हाणा घालून बसायचा, उजवा पडता की डावा. माझ्या आजोबांनी विहीर कुठे खणायची ते कौल लावून ठरवलेलं.

(मालवणीत गेलो, आता नीट लिहितो.) मला वाटतं फरक इथेच आहे. कौलाने निर्णय होतो, हो किंवा नाही. लिहिणाऱ्याला निर्णय नको असतो, त्याला फक्त तिथे बसून राहायला काहीतरी हवं असतं. कौल लावल्यावर पाकळी पडेपर्यंत देवळात जी शांतता असते ना, गुरव बघतोय, सगळे बघतायत, पाणी ओघळतंय, मला ते आवडायचं. पाकळी पडली की सगळे बोलायला लागतात आणि संपलं.

दुसरं, आपला गंजिफा कुणी बघितलाय का? सावंतवाडीच्या राजवाड्यात अजून बनवतात. गोल पत्ते, हाताने रंगवलेले, वर लाखेची चकाकी, रंगीत लाकडी पेटीत ठेवलेले. दशावतारी गंजिफ्यात १२० पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत. मत्स्याच्या पत्त्यांवर मासे, कूर्माच्या कासवं, परशुरामाच्या परशू. आणि डाव दिवसा असेल तर रामापासून सुरुवात, रात्री असेल तर कृष्णापासून. माझ्या डोक्यात हे वर्षानुवर्षं आहे, एकच डाव, संध्याकाळी बसलेत, खेळता खेळता दिवे लागतात आणि राम संपून कृष्ण सुरू होतो.

रानजाई

देवगडचा_हापूस, हे लिहा! आजच लिहायला घ्या, दिवेलागणीला डाव चालू आहे ही केवढी सुंदर जागा आहे.

सायली, तुझ्या बहिणीचं वाचून वाईट वाटलं गं. ते मूल मलाही आधी दिसलं नव्हतं.

अजून कुणी तत्त्वांबद्दल बोललं नाहीये. वाँड्स म्हणजे काठ्या अग्नीच्या, कप पाण्याचे, तलवारी वाऱ्याच्या, नाणी पृथ्वीची, इथपर्यंत कळलं. पण माझा सहा तलवारींचा पत्ता बघा, पत्ता वाऱ्याचा आणि सगळीकडे पाणीच पाणी. हे कसं वाचायचं?

बिनधास्त_बंडू

तलवार वाऱ्याची कशी काय? तलवार भट्टीतून निघते, ती अग्नीची पाहिजे. काठी झाडावर वाढते, वाऱ्यात डुलते, ती वाऱ्याची.

जुनी_पानी

बंडू, तुमच्यासारखं म्हणणारे टॅरोवाले आहेत, काही कॅटांत तशीच अदलाबदल आहे. रानजाई म्हणतायत ती वाटणी १८८८ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळाने रुजवली. वेट आणि स्मिथबाई दोघंही त्यात होते, कवी यीट्सही. त्यांच्या मते तलवार म्हणजे बुद्धी, शब्द, वाद, म्हणून वारा. काठी म्हणजे इच्छा, उर्मी, म्हणून अग्नी. ही वाटणी माणसांनी ठरवलेली आहे, लेखकाने ती पटेल तशी बदलावी.

मृणाल_द

चुलीजवळ बसलेल्या बाईला विचारा, काठी अग्नीची की वाऱ्याची. ती हातात फुंकणी देईल, म्हणेल फुंक आधी.

गुरुजी_निवृत्त

मी संस्कृत शिकवत असे, त्यामुळे पाचव्या महाभूताची बाजू मांडतो.

युरोपात चार तत्त्वं ग्रीकांपासून आली. आपल्याकडे पाच, पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. पण नुसती संख्या सोडा, लिहिणाऱ्याला उपयोगी पडेल असं यात काय आहे ते सांगतो. आपल्या शास्त्रांनी प्रत्येक भूताला एक गुण दिलाय आणि तो गुण एका इंद्रियाचा विषय आहे. आकाशाचा शब्द, म्हणजे कान. वायूचा स्पर्श, त्वचा. तेजाचं रूप, डोळे. आपाचा रस, जीभ. पृथ्वीचा गंध, नाक. तर्कसंग्रहात पृथ्वीची व्याख्याच 'गन्धवती पृथिवी' एवढी आहे, जिला गंध आहे ती पृथ्वी.

सृष्टीक्रमात पुढे गेलं की गुण वाढत जातात. आकाशात फक्त शब्द. वायूत शब्द आणि स्पर्श. तेजात रूपही आलं. पाण्यात रसही. पृथ्वीपर्यंत पोचलो की पाचही. माझ्या विद्यार्थ्यांना निबंधासाठी मी हेच सांगायचो, पोरांनो तुमचा पाऊस नुसता दिसतोय, त्याला भिजू द्या, चाखा, हुंगा. बहुतेक लोक लिहिताना तेजावरच थांबतात, जे दिसतं तेवढंच लिहितात.

रानजाई, तुमचा पत्ता वाऱ्याचा. मग त्या होडीत स्पर्श काय आहे? नावाड्याच्या तळहातात बांबू आहे. मुलाच्या गालाला आईचं लुगडं घासतंय. पाण्यावरचा वारा गार असतो. तिथून लिहून बघा.

रानजाई

गुरुजी, नमस्कार करते. अडीच पानं पुन्हा वाचली. सगळं दिसतंय फक्त. एकही स्पर्श नाही, वास तर नाहीच नाही.

लीड्सकर

गुरुजींचा प्रतिसाद वाचनखुणेत ठेवला. इतकी वर्षं टॅरोची इंग्रजी पुस्तकं चाळतोय, त्यांत पाणी म्हणजे भावना, पृथ्वी म्हणजे पैसा-शरीर, असं शब्दाला शब्द. त्याने लिहिता येत नाही, कारण 'भावना' हा शब्द कागदावर ठेवला की तिथेच मरतो. चव म्हटलं की लगेच काहीतरी सापडतं.

सायली_के

मग कपच्या पत्त्यांना चव! पाच कपांचा पत्ता बघा कुणीतरी. काळा झगा घातलेला माणूस मान खाली घालून, पुढ्यात तीन कप सांडलेले, मागे दोन उभे आहेत ते त्याला दिसतच नाहीत. सांडलेलं काय आहे? प्रत्येकाने सांगायचं, कढी, दारू, औषध, काय? तिथून गोष्ट बदलते.

बिनधास्त_बंडू

निरसं दूध. डेअरीवर न्यायचं होतं.

देवगडचा_हापूस

सोलकढी. पाहुणे पंगतीला बसलेत आणि आता वाढायला काही नाही.

मुक्काम_पोस्ट_अकोला

इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहितेच. माझ्याकडे टॅरोचा कॅट नाही, नवराही आणू देणार नाही, त्याला असल्या गोष्टींची धास्ती वाटते आणि मला घरात त्यावरून वाद नको. साध्या पत्त्यांनी जमेल का?

जुनी_पानी

ताई, नक्की जमेल. नेहमीची जुळणी अशी करतात, बदाम म्हणजे कप, इस्पिक म्हणजे तलवार, चौकट म्हणजे नाणी, किलवर म्हणजे काठ्या. एक पत्ता काढा, त्याचं भूत घ्या, गुरुजींनी सांगितलेलं इंद्रिय घ्या. बदाम आला तर आजच्या परिच्छेदात काहीतरी चाखलं गेलं पाहिजे. इस्पिक आला तर काहीतरी अंगाला लागलं पाहिजे. चित्र नसलं तरी चालतं. घरात रमीचा डाव म्हणून सांगा, खोटंही नाही ते.

मृणाल_द

मी करून बघितलं, थेट टॅरोचाच पत्ता घेतला. चार नाण्यांचा आला. एक माणूस बसलाय, एक नाणं छातीशी दोन्ही हातांनी कवटाळलंय, एक डोक्यावर, दोन पायांखाली दाबलेली. मागे अख्खं शहर, पण याला हलता येत नाही. हे लिहिलं:

"दादा गल्ल्यावरून उठायचे नाहीत. जेवण तिथेच, पेपर तिथेच. गल्ल्याच्या पेटीवर सतरंजीची घडी आणि घडीवर दादा. दुकानात चोर शिरला तर त्याला आधी दादांना उचलावं लागेल असं आई म्हणायची. आम्ही जत्रेला निघालो की ते तिथूनच हात करायचे."

गुरुजी, बघा जरा.

गुरुजी_निवृत्त

सुरेख आहे. शेवटच्या वाक्यात दादांविषयी माया आली, ती तशीच राहू दे. पण पत्ता नाण्यांचा, पृथ्वीचा. दुकान कसलं आहे? नाकाला काहीच कळत नाहीये.

मृणाल_द

हिंग! किराणा दुकान, कोपऱ्यात हिंगाचा डबा. दादांच्या नोटांना हिंगाचा वास यायचा. खाऊसाठी दिलेली पाच रुपयांची नोट मी वहीत ठेवायचे तर वहीला वास. बापरे, हे मी विसरूनच गेले होते.

वसंतकाका

मृणाल, हे वाचून मी थांबलोच. माझ्या वडिलांच्या खिशाला तंबाखूचा वास असायचा.

आता माझी भूमिका थोडी बदलतो. निर्णय पत्त्यावर सोडू नये हे माझं म्हणणं कायम आहे, सायलीच्या बहिणीसारखं कुणाचं होऊ नये. पण आठवण उकरायला पत्ता वापरत असाल तर माझा आक्षेप नाही. हिंदीत तुलसीदासांच्या रामचरितमानसासोबत रामशलाका असते ना, पंधरा बाय पंधराचा तक्ता, २२५ घरं, बोट ठेवायचं आणि दर नववं अक्षर घेत जायचं, की चौपाई तयार होते. उत्तर भारतात नोकरीला होतो तेव्हा शेजारची आजी रोज करायची. ती उत्तर घेऊन थांबायची नाही, त्या चौपाईवरून अर्धा तास कथा सांगायची आम्हाला.

लीड्सकर

रानजाईचा मूळ प्रश्न राहिलाच की, गोष्ट आपली का. इटालियन लेखक इटालो काल्विनोचं एक पुस्तक आहे टॅरोवर. जंगलातून आलेल्या प्रवाशांची वाचा गेलीय, मग ते टेबलावर टॅरोचे पत्ते मांडून आपापली कहाणी सांगतात. गंमत अशी की तेच मांडलेले पत्ते उलट्या दिशेने वाचले की दुसऱ्याच माणसाची गोष्ट निघते. पत्ते सगळ्यांना सारखेच. आत्ता इथेच बघा ना, पाच कपांचा एकच पत्ता, एकाचं दूध सांडलं, एकाची सोलकढी. दोघांच्या गोष्टी एकमेकांच्या होऊ शकतील का? देवगडच्या माणसाला डेअरी सुचली नाही आणि बंडूला पंगत सुचली नाही.

सायली_के

लीड्सकर, पटलं. पण मला जपावंसं वाटतं ते वेगळं आहे. पत्त्याचा अर्थ पुस्तकातून वाचून लिहिला तर ती गोष्ट त्या पुस्तकाची. मी अर्थाचं छोटं पुस्तक कॅटच्या खोक्यातून काढून कपाटावर ठेवलंय, हात पुरणार नाही अशा ठिकाणी.

देवगडचा_हापूस

अवांतर: गंजिफ्याची गोष्ट सुरू केली. दोन पानं. डाव खेळणारे चार जण आहेत आणि त्यातल्या एकाला संध्याकाळ झालेली कळत नाही, कारण त्याला दिसत नाही, तो बोटांनी पत्ते ओळखतो असं करायचं होतं. मग कळलं, लाखेच्या वर रंग बोटांना लागणारच नाही. अडलो.

गुरुजी_निवृत्त

त्याला ऐकू द्या. शेजारच्या घरात दिवा लावताना कुणी शुभंकरोति म्हणत असेल. आकाशाचा गुण शब्द.

देवगडचा_हापूस

गुरुजी 🙏🙏 तोच म्हणतो "आता कृष्ण".

मुक्काम_पोस्ट_अकोला

आकाशाचं अजून कुणी बोललं नाही म्हणून. टॅरोत आकाशाच्या पत्त्यांचा गटच नाही ना? मग आपण कुठून आणायचं?

जुनी_पानी

'डेथ'सारखे जे २२ मोठे पत्ते या चार गटांबाहेर असतात, त्यांना काही जण पाचवं तत्त्व मानतात. मला ते ओढूनताणून वाटतं. चिदंबरमला गेलात का कधी? पाच भूतांच्या पाच शिवक्षेत्रांतलं ते आकाशाचं. नटराजाच्या शेजारी एक पडदा आहे, तो बाजूला करतात तर आत मूर्ती नाही, रिकामी जागा, सोन्याच्या बिल्वपत्रांच्या माळा लोंबतायत. मी तर म्हणेन एक पत्ता न ओढता सोडावा. तीन ओढा, चौथ्याची जागा मोकळी ठेवा. कथेत कुणीतरी काहीतरी बोलत नाही, ते तिथे.

मृणाल_द

हे मी करणार. दादा जत्रेला का येत नाहीत ते कुणी विचारत नाही. बस.

रानजाई

आठ दिवसांनी येतेय, क्षमस्व. सगळ्यांचे प्रतिसाद तीन-तीनदा वाचले.

गुरुजींनी वासाचं सांगितल्यावर मला माझीच लाज वाटली, कारण आजी जाऊन वीस वर्षं झाली पण माझी मोठी आत्या आहे, पत्त्यातलं ते मूल म्हणजे तीच की, तेव्हा सहा वर्षांची होती. मी तिला कधी नीट विचारलंच नव्हतं. विचारायचे ते असं, "आत्या, गाव सोडताना कसं वाटलं?" आणि ती म्हणायची, "काय वाटायचंय बाई, निघालो झालं." परवा फोन केला आणि विचारलं, "आत्या, होडीत वास कसला येत होता?"

ती पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, पिठाचा. मी म्हटलं पिठाचा कसा? तर म्हणाली, जातं होतं ना होडीत. आईने निघायच्या दिवशी पहाटे उठून शेवटचं दळण दळलं, वाटेत भाकरीला पीठ हवं म्हणून, आणि जात्याची वरची तळी तशीच पिठासकट होडीत ठेवली. नावाडी भांडला, वजन होतंय, दगड काढा. आई म्हणाली, पोरं उतरतील एक वेळ, जातं उतरणार नाही. आत्या त्या तळीला टेकून बसली होती. पाठीला दगड गार लागत होता आणि वाऱ्याने खुंट्याच्या भोकातलं पीठ उडून तिच्या केसांत जात होतं.

खालची तळी नेली नाही. ती ओटीवर जमिनीत रोवलेली होती, निघेना, आत्याच्या बाबांनी पहारीने प्रयत्न केला मग सोडून दिली.

फोन ठेवल्यावर मी पुन्हा पत्ता काढून बघितला. होडीत त्या तलवारी तशाच उभ्या आहेत, कुणी उपटून फेकलेल्या नाहीत, आणि होडी चाललीय.

माझ्या प्रश्नाचं मला उत्तर मिळालं असं वाटतंय. पत्त्याकडून मला जातं मिळालेलं नाही, ते आत्याकडे साठ वर्षं होतं. मी फक्त चुकीचं विचारत होते. कथा आता नऊ पानांची झालीय, नावाडी जात्यावरून भांडतो तिथून सुरू होते.

वसंतकाका

बाळा, लवकर पूर्ण कर आणि आत्याला वाचून दाखव.

बिनधास्त_बंडू

रानजाई, खालची तळी अजून तिथेच असेल ना? पाण्याखाली?

रानजाई

असणार. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा चौथरा आणि काही घरांची जोती उघडी पडतात असं आत्या म्हणते. मेमध्ये तिला घेऊन बामणोलीला जाणार आहे, तिथून लाँच मिळते. सोबत एक पत्ता नेईन, आणि पाव किलो पीठ, तिने सांगितलंय आणायला, कशाला ते विचारलं नाही मी.